कमरेला रकाना नाही

प्रिय अक्का,

पाकीट बघून घाबरू नकोस, इकडे सगळे बरे आहेत. हातात मोबाइल असताना धाकटीला पत्राची हुक्की कशी आली म्हणशील. फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. आणि मी फार थकलेय गं, म्हणून आधी माझंच रडगाणं ऐक.

आमच्या धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात सध्या मला एकच काम आहे. एका कंपनीचा खुब्याचा कृत्रिम सांधा काही जणांच्या अंगात झिजतोय आणि त्यातल्या धातूचा कीस रक्तात उतरतोय. कंपनीने विक्री थांबवली, पण आधीच बसवलेल्यांचं काय? वरून हुकूम आला, ज्यांना तो बसवलाय त्यांना शोधा, विचारा, त्रास असेल त्यांचं रक्त आधी तपासा. म्हणून मी दिवसभर धुळे-जळगावच्या म्हाताऱ्या माणसांना फोन लावत बसते. निम्मे नंबर बंद, उरलेले जावयांचे. माणूस सापडलाच तर उत्तर ठरलेलं, “बठ्ठं बेस शे,” म्हणजे सगळं छान आहे. ज्या डॉक्टरने उभं केलं, त्याच्या कामाला नाव कोण ठेवणार?

साक्रीकडच्या दगडीबाई तर दर तपासणीला डॉक्टरांसाठी घरच्या भुईमुगाच्या शेंगा आणायच्या आणि बेस शे म्हणून परत जायच्या. मागच्या आठवड्यात त्यांना रिक्षातून उतरताना पाहिलं. दोन्ही हातांनी स्वतःचाच पाय उचलून खाली ठेवत होत्या. बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाल्या, “कंबर दुखस जराशी.” कुठे ते दाखवा म्हटलं, तेव्हा इकडेतिकडे बघून पदराआडून हात जांघेवर नेला.

खुब्याचं दुखणं तिथेच येतं, अक्का. पण आपल्या बायका पुरुषांसमोर तो शब्द उच्चारतात का? कंबर म्हणायचं, मलम घेऊन घरी यायचं. आमचा संगणक विचारतो, जांघेत दुखतं का, हो की नाही. कमरेला रकानाच नाही. त्यामुळे कागदोपत्री सगळ्या ठणठणीत आणि साहेब खूश. दगडीबाईंचं आतलं हाड पोखरलं गेलंय, आता सांधा काढून दुसरा बसवायचा. मी आमच्या नीलेश डॉक्टरांवर वैतागले, रकाना वाढवा म्हटलं. ते म्हणाले, मॅडम, तो नमुना वरून येतो. चांगला मुलगा आहे, त्याच्यावर चिडून तरी काय होणार.

आता तुझं. सोमवारचा माझा फोन बहिणीचा नव्हता, दवाखान्याचा होता. तुझ्या खुब्यात तोच सांधा आहे. मी विचारलं तर तू ठणठणीत म्हणालीस. तुझा फोन नेहमीसारखा स्पीकरवर, मागे तुझ्या सुनेचा, मेघाचा मिक्सर, भूषण विचारतोय कोण आहे म्हणून. ठेवता ठेवता म्हणालीस, कंबर तेवढी धरते, वयाचंच ते.

तू का बोलत नाहीस ते मला कळतं. अख्ख्या बोदवडला सांगत फिरतेस, पोराने मला पाय दिला. आता दुखतंय म्हटलं तर ऑपरेशनसाठी त्याने केलेल्या धावपळीवर पाणी पडेल असं वाटतं तुला. अगं, खोट त्या सांध्यात आहे, भूषणमध्ये नाही. त्याला मी समजावीन. शुक्रवारी मीच तुला घ्यायला येते. तपासणारी बाईमाणूस आहे, तशी व्यवस्था केलीय. हे पत्र एकटी असताना वाच, एवढ्यासाठीच लिहिलंय. आईसुद्धा शेवटपर्यंत कंबरच म्हणत राहिली. आपण दोघी तिच्या कमरेला तेल चोळत बसलो आणि गर्भाशयातली गाठ आत वाढत गेली. तू मला हवी आहेस, अक्का. माझ्यापाशी तरी खरं दुखणं सांग.

तुझीच,
सुलक्षणा