दुनहुआंगच्या भिंतीवरचा तो

रिसाली, भिलाई
१४ नोव्हेंबर

प्रिय रेणू,

तुझे फोटो मिळाले. एकूण बेचाळीस. त्यातले एकेचाळीस त्याचेच, आणि एकात तू, तीही पाठमोरी, त्याच्याकडे तोंड करून बसलेली. तो चीनमधल्या लेण्याच्या भिंतीवर रंगवलेला बोधिसत्त्व आहे, तेराशे वर्षांपूर्वीचा आहे, हे सगळं मला कळतं. तरी खरं सांगतो, मी जळतो. काल मोनूने मला फोटो मोठा करून बघताना पकडलं. "पापा, आप दीवार से जल रहे हो?" म्हणाली आणि हसत सुटली. पोटच्या पोरीशी काय खोटं बोलायचं? हो म्हणालो.

माणूस असता तर दोन हात केले असते. याच्याशी भांडायचं तरी कसं? तू लिहितेस, तिथे नक्कल शिकताना पहिला महिनाभर फक्त रेषा. मनगट टेकायचं नाही, एका दमात भुवई ओढायची, हात थरथरला की नवा कागद. अशी दोनशे वेळा काढलीस म्हणे त्याची भुवई. बावीस वर्षांच्या संसारात माझी एकदा तरी काढलीस का? शेजारच्या जानरावांचा कुत्रासुद्धा तुझ्या वहीत आहे. मी मुद्दाम सगळी पानं चाळली, मी कुठेच नाही.

आणि तो काळा चेहरा! त्यावर तर तू पानभर लिहिलंस. मूळची कांती गुलाबी होती, रंगात शिसं होतं, ते शेकडो वर्षांत काळं पडलं, आणि आता तो काळेपणाच किती देखणा दिसतो. वाचून माझं डोकंच फिरलं. मी कारखान्यात कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्टीवर, ड्यूटी करून काळाठिक्कर होऊन यायचो, तेव्हा तू दारातूनच ओरडायचीस, "पहिले आंघोळ करा, मंग घरात या." तेव्हा नाही कधी मला त्याच्यासारखं टॉर्च लावून निरखलंस.

पण एक कबूल करतो. मूळ चित्र आणि तुझी नक्कल शेजारी शेजारी होती त्या फोटोत तुझी कोणती, ते मला ओळखता आलं नाही. शिफ्टमध्ये भैयालालला दाखवला. बराच वेळ बघून तो म्हणाला, "वहिनीचा हात आहे बे हा! आन् तू तिले पोळ्या लाटाले लावून राहिला होता?" मला अभिमान वाटला आणि राग आला, दोन्ही एकदमच. कारण फोटोंच्या त्याच मेलमध्ये शेवटी तू लिहिलं होतंस, की तिथले तुझे गुरुजी तुला एक पूर्ण भिंत नक्कल करायला देतायत, त्यासाठी आणखी दोन वर्षं राहावं लागेल, आणि वीस तारखेपर्यंत हो-नाही कळवायचं आहे. दोन वर्षं, रेणू! शाळेतल्या नोकरीची रजा वाढवून मिळेल का, एवढंच तू विचारलंस. मला चालेल का, ते विचारलंच नाहीस.

आता ज्यासाठी ही मेल लिहायला बसलो ते लिहितो, फोनवर बोलायची माझी हिंमत नाही. तुझी मेल वाचली त्याच संध्याकाळी मी तुला कळवलं, की आई न्हाणीत पडली, कंबर मोडली, सहा महिने उठणार नाही. तू रडलीस. भिंत दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगते, म्हणालीस. रेणू, आई पडलेली नाही. तू जानरावांना फोन करून आईकडे बघायला सांगितलंस, ते आज डबा घेऊन आले, आणि दार आईनेच उघडलं. ते गेल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "खोटं बोलाले तुले माझंच कंबरडं भेटलं का रे? आताच्या आता सुनेले सांग." मग पिशवी उचलून एकटीच बसने अहिवाऱ्याला मावशीकडे निघून गेली. वीस तारखेला अजून सहा दिवस आहेत. भिंत सोडली नसशील तर सोडू नकोस. सोडली असशील तर नवरा खोटारडा निघाला म्हणून गुरुजींना स्पष्ट सांग आणि परत माग. मला राग येणार आहे, दोन वर्षं रोज येणार आहे. तरी तू राहा.

तुझाच, खोटारडा,
हेमराज