ती भाताची शितं नव्हती

आई, अकोल्याच्या आपल्या फुलांच्या मळ्यातलं ते करडं मांजराचं पिल्लू परवा आठवलं. तू त्याला रोज दूध-भात कालवून द्यायचीस. त्याच्या शेपटीखाली आणि झोपायच्या पोत्यावर भाताची शितं चिकटलेली दिसायची, ती तू पदरानं झटकून टाकायचीस. त्याचं पोट टम्म झालं, तेव्हा कौतुकानं म्हणालीस, "कसं गुबगुबीत होऊन राह्यलं." पाठीची हाडं हाताला लागत होती, केसांची चमक गेली होती, पण आपण सगळे त्याच्या पोटाकडेच बघत होतो. मग ते ओकायला लागलं आणि एका सकाळी झेंडूच्या वाफ्यात मरून पडलेलं सापडलं.

तू बाबांकडे न बघता म्हणालीस, "तुमच्या फवारणीनंच मेलं माह्यं पिल्लू."

"या आठवड्यात पंपाले हातच नाई लावला म्या," ते म्हणाले. तुला ते पटलं नाही. घरात विकायच्या फुलांचे ढीग पडलेले असताना तू देवासाठी बाजारातून फुलं आणायला लागलीस. बाबांनी लावलेलं एकही फूल तू शेवटपर्यंत देवाला वाहिलं नाहीस. ते रोज सकाळी बघत असत.

आता बाबा माझ्याकडे अमरावतीला असतात. आमच्या जिन्याखाली एक पिल्लू येऊन राहिलंय. त्याचंही पोट तसंच फुगलं, अंथरुणावर तशीच शितं दिसायला लागली. पण त्याला भात कोणी देत नाही, ते दूध-भाकर खातं. म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्यातलं एक ओलं शीत कापसावर घेऊन माझ्यासमोर धरलं. ते आखडलं, पुन्हा लांब झालं. जंताचा तुकडा होता तो. पिसवांमुळे हे जंत होतात, म्हणाल्या. विष्ठा तपासली तर दुसऱ्या जंतांची अंडीही निघाली, पोट त्यांच्यामुळे फुगलं होतं. एवढ्याशा पिल्लाच्या उपचाराला उशीर झाला तर ते वाचत नाही, असंही त्यांनी सांगितलं. हे वाचलं.

तुझं पिल्लू कशानं गेलं, हे आता खात्रीनं कोणीच सांगू शकणार नाही. पण त्या टेबलाशी उभं असताना मला त्याच्या शेपटीखालची शितंच आठवत होती.

घरी बाबांनी विचारलं, "काय निंगालं?" मी जंत म्हणालो, शितांचं बोललो नाही. ते सांगितलं तर बाबा तुझ्या आरोपातून सुटतात, पण शितं झटकणारा हात तुझा होता, हे त्यांना लगेच आठवेल. मग ते तुझी बाजू घेऊन माझ्याशीच भांडतील, आणि नंतर एकटेच बसून राहतील.

तुला हे पोचणार नाही, म्हणून लिहू शकलो. बाबा आता फार थकलेत. आणखी काही काळ गप्प राहिलो तर कोणालाच काही सांगावं लागणार नाही. खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघतोय.