मडक्यातलं बी

शहाड, आषाढ १९९४

दामाजी,

थोरल्या बहिणीने आधी आशीर्वाद लिहायची रीत आहे. ती मी सोडून देते.

तुझं पत्र मिळालं. कोळंबी रोगाने मेली, तळं उपसलंस, आता बाळकुमच्या त्याच शेतात पुन्हा भात लावायचाय. खाऱ्या जमिनीत तगणारं बाबांचं लाल बी माझ्याकडे मडक्यात आहे, ते घेऊन ये म्हणतोस.

बाबा भात कापल्यावरच खाडीचं पाणी आत घ्यायचे, मासळी काढायचे आणि पावसाआधी बांधाच्या उघाडीला फळ्या लावून पाणी अडवायचे. मग पाऊस मीठ धुऊन न्यायचा. तू ट्रेनिंग घेऊन आलास आणि कोळंबीसाठी बारमाही खारं पाणी ठेवलंस. गेल्या साली बाबा फळ्या लावायला निघाले, तर त्यांच्या डोळ्यांदेखत तू त्या चुलीत घातल्यास. महिन्याभरात बाबा गेले. दहाव्याला तू ठेवलेल्या पिंडाला कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला.

परवा वर्षश्राद्ध झालं. ते सगळं बी मी कांडलं, भात शिजवला आणि पान गच्चीवर ठेवलं. हात मागे घ्यायच्या आत कावळा शिवला.

हे पत्र मी टाकणार नाही. तुझी बायको सांगत होती, तू दिवसभर ढोपरभर चिखलात एकटाच बांध घालतोस आणि संध्याकाळी नाक्यावर येऊन माझी वाट बघतोस.

बघ.

मंजुळा