बाबांचे जोडे आणि जोडेचोर

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे सध्या सातच अंगे टेकतात, आठवे मनाने टेकले असे समज.) तुझी पाठदुखी, भाऊजींचे घोरणे आणि चिऊच्या लग्नाची तयारी, तिन्ही आटोक्यात असावीत. आम्ही बरे आहोत. आई तर जरा जास्तच बरी आहे, आणि तुझी तक्रार नेमकी तीच आहे.

"आईला त्या जोडेचोरांतून सोडव, नाहीतर लग्नाला आणू नकोस," हे तुझे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. व्याह्यांच्या कानावर गेले म्हणतेस. जाणारच. बातमीला पाय फुटतात, आणि या बातमीला तर जोड्यांचीही ददात नाही. पण तुला कोणी नीट सांगितलेले दिसत नाही, म्हणून सांगतो. एका निवृत्त बसचालकाने हा पंथ काढला. ते स्वतःला 'वाटसरू' म्हणवतात. दर गुरुवारी संध्याकाळी रंगाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये जमतात, थोडे गातात, बराच वेळ गप्प बसतात. निघताना जिन्यातला दिवा मालवतात आणि पायाखाली जो जोड येईल तो घालून घरी जातात. बघायचे नाही, चाचपायचे नाही. 'माझे' सोडण्याचा सराव म्हणे. देणगीपेटी नाही, गुरूचा फोटो नाही, त्यामुळे लोकांना जास्तच संशय.

'जोडेचोर' हे नाव कोणी ठेवले देव जाणे, पण डिंकासारखे चिकटले. आमच्या इमारतीत आता सगळे चपला उशाशी घेऊन झोपतात. खालच्या मजल्यावरच्या वकिलांनी तर आपले बूट सायकलच्या साखळीने खिडकीच्या गजाला बांधले आहेत. (कोर्टात जाताना किल्ली सापडत नाही, मग अनवाणी आरडाओरडा.) वरच्या काकूंची चप्पल कुत्र्याने पळवली, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले, तरी आळ आईवरच. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमधून एका बापाने मुलीला काढून नेले. म्हणाला, "आज जोडे, उद्या गाडी!" मी त्याला समजावायला गेलो, तर तो माझ्या पायांकडेच बघत राहिला.

आणि आई? पहिल्यांदा ती कुणा मेकॅनिकचे लोखंडी टोकाचे बूट घालून आली, धाड धाड जिना चढत. मग शाळकरी कॅनव्हास, टाचा बाहेर लोंबत. "अरे, आधी वाटतं आपला पाय चुकला," ती म्हणाली, "मग वाटतं चप्पल चुकली. आणि मग घर येतं." आणि हसली. ताई, बाबा गेल्यापासून ती हसलेली तू ऐकली आहेस का? स्वयंपाकघरातून दारापर्यंत यायचे, बाबांचे तपकिरी जोडे पुसायचे, परत स्वयंपाकघरात जायचे, एवढाच तिचा प्रवास उरला होता. तू फोनवर आवाज ऐकत होतीस, मी ते रोज बघत होतो.

मग एका गुरुवारी दारातून तेच जोडे नाहीसे झाले. जाड मोजे चढवून ती ते घालून गेली होती आणि तिथे सोडून आली. मी घर डोक्यावर घेतले. ती एवढेच म्हणाली, "पुसून पुसून मी थकले रे." मला फार राग आला. इतका की पुढच्या गुरुवारी सगळ्यांची खरडपट्टी काढायला मीच तिच्याबरोबर गेलो. भाषण पाठ केले होते. पण दाराशी एका दंतवैद्यबाईंनी सरकून जागा दिली, कोणी पाणी आणले, आणि आई शेजारी बसून बेसूर गाऊ लागली. भाषण पाठच राहिले.

तेव्हा तुझे काम झालेले नाही. प्रयत्न चालू आहेत असे व्याह्यांना कळवावे. चिऊला आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. : प्रयत्न चालू नाहीत.

ता. क. दुसरा : खरे ते सांगतो. त्या दिवशी जिन्यातला दिवा गेल्यावर मी वाकलो आणि हातांनी चाचपडलो. डाव्या टाचेची बाहेरची कड झिजलेली लागली, तेव्हा थांबलो. बाबांचे जोडे घालून घरी आलो. मला ते मोठे होतात. रस्त्यावरच्या दिव्याखाली आईने माझ्या पायांकडे पाहिले आणि ती माझ्यासाठी सावकाश चालू लागली. जोडे आता माझ्या पलंगाखाली आहेत आणि मी ते पुसतो. तेव्हा व्याह्यांना सांग की जोडेचोर एकच आहे आणि तो मुलीचा मामा आहे. आजीला मानाने बोलवा.

ता. क. तिसरा : ते जोडे परत नेऊन ठेवायला हवेत. माझ्याच्याने एकट्याने होत नाही. येत्या गुरुवारी ये. येताना जुनी चप्पल घाल, आणि जिन्यात दिवा मालवला की माझे दोन्ही हात घट्ट धरून ठेव.