उरलेले वेढे

अण्णा, तुमचं शेवटचं विमान मी काल उडवलं. दादा नकोच म्हणत होता. "अण्णांच्या हातचं एवढंच राहिलंय, काचेच्या पेटीत ठेवू या," हे त्याचं दर फोनला ठरलेलं. मोडलं तर दुसरं करून द्यायला तुम्ही नाही, हे काय मला कळत नाही? रबराच्या पिळावर चालणारं, कागदाहून हलकं विमान ते. जोरात हात लागला तरी संपलं. पण पेटीत ठेवायला केलं होतंत का तुम्ही? मग मी ऐकलं नाही त्याचं. तुमचीच मुलगी.

आषाढात लग्नं नसायची, म्हणून आपल्या गल्लीतला कल्याण मंडप ओस पडायचा आणि तुम्ही तिथल्या मॅनेजरशी गोड बोलून हॉल उघडून घ्यायचात. "लोक आषाढात तळण तळतात, आमच्याकडे रबर पिळतात," असं आई शेजारच्या अक्कांना सांगायची. तुम्ही कारखान्यातून येता, हातपाय धुता, की थेट मंडपात. फॅन बंद, खिडक्या बंद. तुम्ही रबराला तेल चोळून वेढे देता, मी फळीला कागद लावून लिहायला बसते. पहिल्या उड्डाणापुढे मी लिहिलं, 'छान उडालं'. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. "छान म्हणजे काय गं? ह्यावरून उद्या मी काय बदलू, पंख की रबर?" मग रबर किती लांब, वेढे किती, छताला टेकलं का, कुठल्या अंगाला कललं, हे लिहायला शिकवलंत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि बिघडलेलं उड्डाण जास्त नीट लिहायचं, कारण चांगल्याला आपण विसरत नाही, असं तुमचं म्हणणं.

एकदा विमान हॉलभर घिरट्या घालून नेमकं माझ्या पायाशी उतरलं. मी नाचत उचललं, तसा पुढचा पंखा भर्रकन फिरला आणि रबर मोकळं झालं. "गेलं!" तुम्ही कपाळाला हात लावलात. "रबरात उरलेले वेढे मोजल्याशिवाय रबर लांब झालं की आखूड, कसं कळणार? आधी पंखा धरायचा, मग टाळ्या." मला असा राग आला होता! एवढं सुंदर उडालं त्याचं काही नाही, ह्यांना वेढे हवेत. मी रुसून कोपऱ्यात बसले. परतताना बेकरीतून खारा बन घेऊन दिलात, आणि त्यातला अर्धा स्वतःच खाल्लात.

काल मारतहळ्ळीत, आमच्या घराजवळच्या बॅडमिंटन हॉलमध्ये गेले. तुमचं जुनं रबर कधीच तडकलं होतं, नवं तुमच्या नोंदींच्या फायलीतल्या मापाने कापलं. आधी थोडेच वेढे देऊन सोडलं, तर उजवीकडे कलून नेटवरच निघालं. जीव नुसता टांगणीला! कसंबसं अलगद झेललं. पाऊस होता, हवा दमट. अशा हवेत उजवा पंख पिळवटतो आणि त्याला वाफ देऊन कसा सरळ करायचा, हे तुम्ही एका फसलेल्या उड्डाणापुढे लिहून ठेवलंय. थर्मासमधल्या गरम पाण्याची वाफ दिली, झाला सरळ. तोवर खेळणारी पोरं रॅकेटी घेऊन दारात उभी, आणि वॉचमन "स्वल्प बेगा, अक्का" म्हणत माझ्यामागे घाई लावून. "सरी, सरी, झालंच," म्हणत मी पुरते वेढे दिले आणि सोडलं.

काय उडालं, अण्णा! छताच्या लोखंडी पट्ट्यांखाली असं निवांत फिरत राहिलं, की पोरंही माना वर करून बघू लागली. मग सावकाश खाली आलं आणि कोर्टाच्या मधल्या रेषेवर टेकलं, कुठे ओरखडासुद्धा नाही. "सूपर, आंटी!" एक जण ओरडला. मला फार आनंद झाला आणि तुम्ही नव्हतात म्हणून रडूही आलं, दोन्ही एकदमच.

आता नोंद लिहायला बसले ती तुम्हालाच लिहीत सुटले. हे पाठवणार कुठे, त्याच फायलीत लावून ठेवते. बाकी सगळे रकाने तुम्हाला आवडतील असे भरलेत. उरलेल्या वेढ्यांचा तेवढा रिकामा आहे. मी आधी टाळ्याच वाजवल्या, अण्णा. शेऱ्यात लिहिलंय, छान उडालं.