निरोगी प्लेट

४ फेब्रुवारी
बारक्याचं पोट पुन्हा पाण्यानं फुगलं. डॉक्टर म्हणाले, आता यकृत बदलावंच लागेल. मी लगेच म्हटलं, "माझा तुकडा घ्या." रक्तगट जुळतो, बाकीच्या तपासण्या सुरू झाल्या. बारक्या म्हणतो, "ताई, तुझं यकृत नको गं, मीही दिवसभर लोकांवर खेकसत बसेन!" मेला! हसू आलं आणि रडूही.

५ फेब्रुवारी
आईला पुन्हा समजावलं. यकृताच्या पेशीत एक प्रथिन बनतं. बनता बनताच ते आतल्या जाळीत शिरतं, तिथं त्याची नीट घडी बसते, मग इवल्या पिशव्यांतून पेशीच्या काठाशी आणि तिथून रक्तात. बारक्याच्या प्रथिनाची घडीच चुकते. ते जाळीतच साठून राहतं आणि यकृत खराब होतं.
"म्हणजे माल तयार आहे, पण गाडीच सुटत नाही?"
हो गं बाई, तेच!
"मग इतकी वर्षं तू लॅबमध्ये करतेस तरी काय?"
जन्मभर हेच शिकले आणि सख्ख्या भावापुढे हात बांधून उभी आहे.

९ फेब्रुवारी
एक नवं औषध प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशींवर घालून बघते. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशीही हे प्रथिन थोडंफार बनवतात. बारक्याचं रक्त आणलं. तुलनेला निरोगी रक्त लागतं — आणि आमच्या लॅबची रीत अशी की ज्याचा प्रयोग त्यानंच दंड पुढे करायचा. केला. मला काय धाड भरलीय!

१२ फेब्रुवारी
सगळं मुसळ केरात! औषध न घातलेल्या प्लेट्स पाहिल्या. दोन्हींत प्रथिन आतच अडकलेलं, बाहेर जवळपास काहीच नाही. निरोगी प्लेट अशी कशी दिसेल? बारक्याचंच रक्त मी दोन्हीकडे घातलं असणार. सर ओरडले, "घरची काळजी डोक्यात घेऊन कामाला बसू नकोस." बरोबरच आहे त्यांचं.

१६ फेब्रुवारी
दोघांचंही नव्यानं रक्त घेऊन केलं. पुन्हा तेच! प्रथिन दिसावं म्हणून घालतो तो रंगच बिघडला असेल, नाहीतर माझं डोकं. बंद केला प्रयोग. निदान यकृत तरी देता येतंय.

१८ फेब्रुवारी
बारक्यानं हॉस्पिटलची बॅग भरून दाराशी ठेवली. माझ्या चपलासुद्धा त्यानंच भरल्या.

२० फेब्रुवारी
डॉक्टरांचा फोन. माझ्याही प्रथिनाची घडी चुकते. अजून त्रास नाही, पण यकृत देता येणार नाही.
रक्ताची अदलाबदल झालीच नव्हती. ती प्लेट माझीच होती.
बारक्या बाहेरून विचारतोय, "ताई, तारीख दिली का गं?"