दोनपाशी पोकळ टिंब

३ जुलै, शुक्रवार
ईशाला क्लासच्या स्टार बॅचमधून काढलं. कारण, सरांशी वाद घातला. वाद कशावरून, तर एका आलेखावरून.

संध्याकाळी वरून खाली माझ्याकडे आली. एरवी जिना दणाणून सोडणारी पोरगी, आज आवाज नाही. पेपर पालथा ठेवला. "आत्या, आधी तू काढ. माझं बघू नकोस."

काढला. अंशाचे अवयव (x−१)(x−२). छेदाचे (x−२)(x+१). (x−२) दोन्हीकडे, तो गेला. उरलं (x−१) भागिले (x+१). वजा एकपाशी उभी तुटक रेघ, असिम्प्टोट, जिला वक्र कधी टेकत नाही. वक्र तिच्या डाव्या अंगानं वर पळतो, उजव्या अंगाला खोलातून वर येतो, एकपाशी अक्ष ओलांडतो आणि मग सावकाश पुढे. दोनपाशी एक पोकळ टिंब. तिथे छेद शून्य, म्हणून किंमत नाही. पण वक्राला त्याचं काही नाही, तो अलीकडून येतो नि पलीकडे जातो. झालं.

तिचाही अगदी असाच. त्यावर लाल फुली. शेजारी सरांचं अक्षर: छेद शून्य म्हणजे असिम्प्टोट, दोनपाशीही रेघ हवी. म्हणजे दोनपाशीही वक्र आभाळात पाठवायचा.

निवृत्त होईपर्यंत कॉलेजात हेच शिकवलं. ही चूक अकरावी-बारावीची पोरं करतात, दर वर्षी करतात, तिचा राग येत नाही. फळ्यापुढे उभं राहून करणाऱ्याचा येतो.

४ जुलै, शनिवार
चौकातला डिजिटल बोर्ड, तो भला मोठा फ्लेक्स, अजून तसाच. तालमीच्या पोरांनी जूनमध्ये लावला: कु. ईशा हिची स्टार बॅचमध्ये निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. बारावीची परीक्षा अजून फेब्रुवारीत. क्लासच्या एका तुकडीत बसायला जागा मिळाली म्हणून अभिनंदन, हे आमच्या कोल्हापुरातच. ई.चा फोटो कोपऱ्यात, तिच्या वडिलांचा, म्हणजे विजूचा, मधोमध, गॉगल लावून. तेव्हा ई. म्हणाली होती, "निवड पप्पांचीच झालीय असं वाटतंय." हसून पुरेवाट झाली होती आमची.

आज विजू चौकातून गेलाच नाही, मागच्या गल्लीनं गाडी काढली. सुनीतानं, त्याच्या बायकोनं, सांगितलं. माझा हा धाकटा भाऊ उचगावला लेथचं वर्कशॉप चालवतो, कुणाच्या बापाला भीत नाही. बोर्डाला भितो.

६ जुलै, सोमवार
क्लासमध्ये जाऊन आले. अजून डोकं तापलेलं आहे.

सर तरुण, नम्र. "बसा की मॅडम. चहा घ्या." भांडायला गेलेल्या माणसाला चहा देतात तेव्हा अर्धं भांडण तिथेच संपावं अशी त्यांची अपेक्षा असते. मी पेपर उघडला. म्हटलं, दोनऐवजी एक पूर्णांक नव्व्याण्णव शतांश घालून बघा. मग दोनच्या जरा पलीकडचं. वक्र कुठे पळतोय का बघा.

त्यांनी कॅल्क्युलेटर घेतला. घातलं. बघितलं. पुन्हा घातलं. दोन्ही उत्तरं एक तृतीयांशाच्या आसपास, शेजारी शेजारी. वर नाही, खाली नाही.

कॅल्क्युलेटर उलटा करून ठेवला आणि चहाचा घोट घेतला.

म्हणाले, "मॅडम, सगळ्या बॅचेसचे पेपर या उत्तरावर तपासून झालेत. रँक लागलीय. पालकांना मेसेज गेलेत. आता एका मुलीसाठी..."
मी म्हटलं, "म्हणजे चुकलंय हे तुम्हाला कळलं."
"प्रश्न तो नाही. तिनं पूर्ण वर्गासमोर सांगितलं की सर, तुमचं चुकलं. तिनं वर्गासमोर सॉरी म्हणावं, मी विषय संपवतो."

न कळणाऱ्याला समजावता येतं. तिथवर माझा राग साधा होता. कॅल्क्युलेटर उलटा ठेवला तिथून तो बदलला.

चहा तसाच ठेवून उठले.

७ जुलै, मंगळवार
वि.शी भांडण. सकाळी वर्कशॉपला निघताना माझ्या दारात उभा.

"आक्का, तू कशाला गेलीस तिथं?"
"कारण तू गेला नाहीस."
"मी फोनवर बोललोय सरांस्नी. मिटत आलंय. तू मधी पडू नको."
"काय मिटत आलंय?"
"रविवारी फेरपरीक्षा घेत्यात. एकट्या ईशाची न्हवं, पाच-सा पोरं हाईत. त्योच ग्राफ घालणार. जसं शिकवलंय तसं काढलं तर सॉरीबिरी काय नगो, बॅचमध्ये परत. लई मोठं मन हाय माणसाचं."

लई मोठं मन. वर्गासमोर माफी मागायची नाही, कागदावर मागायची.

मी विचारलं, कंपनीच्या ड्रॉइंगमध्ये भोक दाखवलंय आणि तुझ्या माणसानं पाडलंच नाही, तर?
"माल परत येतो."
"मग?"
गाडीची किल्ली बोटात फिरवली. मग म्हणाला, "ते लोखंड हाय, आक्का. ही पोरगी हाय. एका टिंबासाठी वर्ष घालवू व्हय तिचं? चौकात बोर्ड लागलाय."

बोर्ड. शेवटी तिथेच.

नंतर सुनीता वाटीभर आमटी घेऊन आली. दारातूनच म्हणाली, "वन्सं, तुमचं बरोबरच असणार. पण तुम्ही बोलून दार लावता. रात्रभर घरात आम्ही असतो त्यांच्यासंगं." तिच्यावर रागावता येईना, मग भांड्यांवर रागावले.

९ जुलै, गुरुवार
पाऊस. बंधारा पाण्याखाली गेला म्हणतात. बाहेर जाणं नाही.

दुपारभर माझी कॉन्व्हेंट शाळा आठवत होती. आमच्या गणिताच्या सिस्टर गोव्याच्या, मराठी तोडकं. फळ्यावर वक्र काढायच्या आधी दोन्ही हात पसरून उभ्या राहायच्या. डावा हात खाली, उजवा वर: घन बहुपदी. दोन्ही वर: चतुर्थ घाताची. आधी टोकं कुठे जातात ते बघायचं, मधलं मग. सगळा वर्ग हात पसरून उभा, निळे पिनाफोर, पांढरे मोजे. बाहेरून जाणाऱ्याला प्रार्थना चाललीय असं वाटावं.

एकदा त्यांनी चिन्ह चुकवलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, सांगितलं. सिस्टरनी पुसलं, नीट केलं, आणि त्या मुलीकडे खडू दिला: पुढचं तू काढ. एवढंच. कुणाचंही काहीही गेलं नाही.

हे आठवून मन निवायला हवं होतं. उलट जास्तच पेटलं.

११ जुलै, शनिवार
ई. आली. मी म्हटलं, उद्या टिंबच काढायचं, आणि खाली लिहायचंसुद्धा, दोन्ही बाजूंनी किंमत एक तृतीयांशाकडे जाते म्हणून. घे, लिहून दाखव एकदा.

तिनं पेन्सिल घेतली नाही.

"आत्या, पप्पा म्हणतात रेघ काढ. तू म्हणतेस टिंब काढ. दोघंही मला सकाळ-संध्याकाळ बजावता. मला कुणी विचारलंय?"
"यात विचारायचं काय? बरोबर ते बरोबर."
"ते मला माहितीये. मीच वर्गात उठून बोलले ना? तू नव्हतीस तिथं. पप्पा नव्हते. सगळे माझ्याकडे बघून हसले. माझ्या बाकावरची प्रज्ञा तर म्हणाली, हिला आत्याचं भूत लागलंय. आणि जर बोर्ड काढला गेला असता तर माझा फोटो उतरला असता, तुमचा कुणाचा नाही."

"तुमचा" म्हणाली. वि.ला आणि मला एका ओळीत बसवलं.

संताप आला. तोंडाशी आलेलं बोलूनही गेले, की मग जा नि काढ तुझ्या सरांची रेघ. ती गेली. जिन्यावर आज आवाज होता.

तिचं चुकलं नाही. तरी राग जात नाही. कुणावर आहे तेही आता नीट सांगता येणार नाही.

१२ जुलै, रविवार
परीक्षा झाली. वि. स्वतः सोडायला गेला, आणायलाही गेला. परत येताना चौकातूनच आले, बोर्डाखालून. खिडकीतून दिसलं.

वरून आवाज: "कसा गेला?" "बरा गेला." "त्यो ग्राफ?" "काढला." "कसा?" मग तिचं, "पप्पा, भूक लागलीय मला."

मी वर गेले नाही. ती खाली आली नाही.

१४ जुलै, मंगळवार
स्टार बॅचची यादी उद्या लागणार.

संध्याकाळी ई. आली. आलेखाचे कोरे कागद घेऊन, जणू शनिवार झालाच नव्हता. "बहुपदी घाल एखादी." मी दिली: x चा वर्ग गुणिले (x−३). तिनं हात पसरले, डावा खाली, उजवा वर. हे मी तिला पाचवीत असताना खेळ म्हणून शिकवलं होतं. शून्यापाशी वक्र अक्षाला फक्त टेकून मागे फिरवला, मधे खाली खोलवर नेला, तीनपाशी आरपार काढला. एकदाही पेन्सिल उचलली नाही. सुरेख. मी तसं म्हटलं.

विचारायचं नाही असं ठरवलं होतं. विचारलं नाही.

बिंदूंना नावं देता देता, मान वर न करता, तिनंच विचारलं, "आत्या, समज मी रविवारी रेघ काढली असली. तर तू मला शिकवणं बंद करशील?"

"नाही" हे उत्तर तयार होतं. अगदी खरं होतं. पण ते तोंडात यायला वेळ लागला, आणि तिनं तो वेळ मोजला. तिनं पेन्सिल ठेवली.

मी म्हटलं, "नाही." मग म्हटलं, "आणि काढली नसलीस तर?"
"तर पप्पा बोलणं बंद करतील," ती म्हणाली. "थोडे दिवस." कागद गोळा केले. "चार दिवसांनी आपोआप बोलतात ते. तुझं तेवढं माहीत नव्हतं."

सुनीतानं वरून जेवायला हाक मारली. ती गेली.

मी अजून बसले आहे. राग आहेच, पण आता त्याच्याकडे बघावंसं वाटत नाही. उद्या अकराला यादी. वि.नं आताच दारात येऊन विचारलं, "आक्का, काय बोलली का ती तुला?"

म्हटलं, नाही. तो तिथेच उभा राहिला. मग आत येऊन खुर्चीत बसला.